बेटावर उतरायची घाई कशाला?

मध्य प्रदेशाच्या स्थापना दिनी, 1 नोव्हेंबर 2025 रोजी, राज्य सरकारने ओंकारेश्वर अभयारण्याची घोषणा केली. खंडवा आणि देवास जिल्ह्यांतले मिळून सहाशे चौरस किलोमीटरहून थोडे अधिक क्षेत्र त्यात आले. त्यातला चाळीस टक्क्यांहून जास्त भाग नर्मदेच्या उत्तर काठाचा, म्हणजे देवासचा. बातम्या मात्र गाजल्या त्या दुसऱ्याच आकड्याने. धरणाच्या बॅकवॉटरमध्ये लहानमोठी 52 बेटे आहेत, त्यांच्यावर जंगल आहे, आता तिथे पर्यटक येतील आणि पाठोपाठ रोजगार येईल, असा एकंदर सूर. पाण्याने वेढलेले रान आणि त्यात मोकळे फिरणारे प्राणी, हे चित्र कुणालाही भुरळ घालणारच. नर्मदाकाठाशी मराठी माणसाचे नाते जुने. धार आणि देवास ही पवारांची संस्थाने, ओंकारेश्वराला महाराष्ट्रातून येणाऱ्या गाड्यांची रीघ वर्षभर असते, आणि परिक्रमावासीयांत मराठी बोलणारे किती असतात हे काठावरच्या कुठल्याही आश्रमात विचारावे. तेव्हा बेटे उघडली की पहिल्या बोटीत आपणच मोठ्या संख्येने असणार. म्हणून आपल्याला न रुचणारी गोष्ट आधीच बोललेली बरी. या अभयारण्यातल्या बहुतेक बेटांवर पर्यटकाने पाऊल ठेवू नये. ज्याला वन्यजीव पाहायचे आहेत त्याला देवासच्या काठावरच्या सलग जंगलात न्यावे. बेटांवर काय आहे आणि काय उरते आहे हे आधी मोजावे, आणि मग वाटलेच तर एखादे बेट उघडावे.

ही बेटे मुळात आली कुठून, तिथपासून सुरुवात करू. ती नदीने घडवलेली नाहीत. नर्मदेच्या दोन्ही काठांना सागवान, धावडा, सालई, अंजन यांनी भरलेल्या टेकड्या होत्या; धरणाचे पाणी चढले, दऱ्या बुडाल्या आणि माथे तेवढे वर राहिले. वरच्या अंगाला इंदिरा सागर. त्याने हरसूद हे अख्खे शहर 2004 मध्ये उठवले, अडीचशेच्या आसपास गावे बाधित केली आणि सुमारे चाळीस हजार हेक्टर जंगल पाण्याखाली घातले. त्याच्या खाली ओंकारेश्वर धरण. हे 2007 मध्ये उभे राहिले. तीस गावे आणि साडेपाच हजार हेक्टरहून अधिक जंगल त्याच्या बुडिताच्या हिशेबात आले. या प्रकल्पांना पर्यावरणाची मंजुरी देताना बुडणाऱ्या जंगलाच्या आणि प्राण्यांच्या बदल्यात काय करणार, हा प्रश्न आला होता. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने 1990 च्या दशकात याच भागाचा अभ्यास केला आणि उरलेल्या जंगलाला राष्ट्रीय उद्यानाचे, अभयारण्याचे संरक्षण द्यावे अशी कल्पना त्यातून पुढे आली. म्हणजे आज जे अभयारण्य सरकारने भेट दिल्याच्या थाटात जाहीर केले, ते खरे तर तीसेक वर्षे थकलेले देणे आहे. देण्याच्या रकमेवर देणेकऱ्यानेच मेजवानी उठवावी, हे काही बरोबर दिसत नाही. आपल्याकडे भरपाईची कल्पनाच एकूण सैल. ग्रेट निकोबारच्या वर्षावनातून 130 चौरस किलोमीटरचा तुकडा प्रकल्पासाठी काढायचा आणि त्याबदली झाडे हरियाणात लावायची, इथपर्यंत ती ताणता येते. इथे निदान भरपाई जागच्या जागी झाली आहे. ती तरी भरपाई म्हणूनच वापरली जावी.

आता एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. इंदिरा सागर आणि ओंकारेश्वर या दोन जलाशयांतली बेटे एकसारखी नाहीत. इंदिरा सागरचे पाणी पूर्ण भरले की 262.13 मीटरवर असते आणि वापराची किमान पातळी 243.23 मीटर, म्हणजे वर्षभरात एकोणीस मीटरपर्यंत चढउतार होऊ शकतो. उन्हाळ्यात पाणी मागे सरकते, चिखल वाळतो, आणि त्यातली कित्येक बेटे पुन्हा काठाला जोडली जातात. तिथे अडकलेल्या चितळाला किंवा सायाळीला वर्षातून एकदा तरी निघून जायची वाट मिळते. ओंकारेश्वरची भरलेली पातळी 196.60 मीटर आणि किमान पातळी 193.54. फरक जेमतेम तीन मीटरचा. इथे बेट झालेली टेकडी बारा महिने बेटच राहते. त्यातही ही पातळी आजची. 2012 मध्ये घोगलगावच्या धरणग्रस्तांनी सतरा दिवस पाण्यात उभे राहून जलसत्याग्रह केला, 2015 मध्ये पुन्हा केला, आणि सरकारला पाणी टप्प्याटप्प्यानेच चढवावे लागले. जलाशय 196.60 पर्यंत भरायला 2019 उजाडले. याचा अर्थ, ज्या बेटांकडे आपण आज बोट दाखवतो त्यांतल्या अनेकांना सध्याचा आकार मिळून फार वर्षे झालेली नाहीत. त्यांच्यावरचे जीवन अजून नव्या परिस्थितीला तोंड देते आहे. कोण टिकणार, कोण जाणार, याचा निकाल लागायचा आहे. तो कसा लागतो हे जगात दुसरीकडे पाहून झालेले आहे, आणि तो पुरावा बेटावर उतरण्याच्या बाजूने मुळीच जात नाही.

पनामातल्या बारो कोलोराडो बेटाचे उदाहरण घ्या. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली, 1914 च्या सुमारास गातुन तलाव भरला आणि वर्षावनाने झाकलेली एक टेकडी बेट बनली. क्षेत्रफळ सुमारे साडेपंधरा चौरस किलोमीटर. कहाणी हुबेहूब आपलीच: आधी धरण, मग बुडालेले जंगल, मग वर उरलेला माथा. फरक पुढे पडला. 1923 मध्ये ते बेट राखीव केले गेले, 1946 पासून ते अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेकडे आहे, आणि आज उष्णकटिबंधातल्या जंगलाबद्दल जगाला जे माहीत आहे त्याचा मोठा वाटा या एवढ्याशा जागेतून आला आहे. 1980 च्या सुमारास तिथे पन्नास हेक्टरचा एक चौकोन आखला गेला. त्यातले एक सेंटिमीटरहून जाड प्रत्येक खोड मोजून त्यावर क्रमांक टाकला गेला. अशी दोन लाखांहून अधिक खोडे. दर पाचेक वर्षांनी सगळी पुन्हा मोजतात. वटवाघळांच्याच सत्तरहून जास्त जाती तिथे नोंदल्या गेल्या आहेत. पर्यटक जाऊच शकत नाहीत असे नाही. आधी नाव नोंदवून, मोजक्या संख्येने, वाटाड्याबरोबर, दिवसापुरते जाता येते. आणि इतकी जपणूक करूनही त्या बेटाने काय गमावले? साठाहून अधिक पक्षिजाती. जग्वारसारखा मोठा शिकारी तिथे कायमचा टिकला नाही. जंगल राखूनही एवढ्या जाती गेल्या, आणि त्यामागे जागा अपुरी पडणे हे एक मोठे कारण होते. संशोधकांनी यातून घेतलेला धडा आपल्या कामाचा आहे: 1977 च्या कालवा करारांनंतर बेटासमोरची मुख्य भूमीवरची पाच द्वीपकल्पेही त्याच संरक्षणाखाली आणली गेली. बेट वाचवायचे तर समोरचा काठ राखावा लागतो, हे त्यांना अनुभवाने कळले.

साडेपंधरा चौरस किलोमीटरच्या बेटाची ही गत. त्याहून लहान तुकड्यांचे काय होते ते थायलंडमध्ये दिसले. तिथला च्यू लान जलाशय 1986-87 मध्ये भरला आणि शंभराच्या आसपास बेटे तयार झाली. त्यांतल्या सोळा बेटांवर संशोधकांनी लहान सस्तन प्राण्यांची गणना केली, काही वर्षांनी एकदा आणि पंचविसेक वर्षांनी पुन्हा. सर्वांत मोठे बेट साठ हेक्टरच्याही आतले. 2013 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा स्थानिक जाती जवळजवळ सगळ्या संपलेल्या होत्या, आणि त्यांची जागा बाहेरून आलेल्या एका उंदराने घेतली होती. व्हेनेझुएलातल्या गुरी जलाशयात उलटा प्रकार. तिथल्या छोट्या बेटांवर शिकारी प्राणी उरले नाहीत, तेव्हा पाने खाणाऱ्या मुंग्या, माकडे, इग्वाना यांची दाटी मुख्य भूमीच्या दहापट ते शंभरपट झाली आणि नवी रोपे उगवेनाशी झाली. जंगल वरून हिरवे, आतून म्हातारे. आपल्याला हे पाहायला परदेशात जायची गरजही नाही. इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अंदमानात चितळ सोडले. तिथे वाघ नाही, बिबट्या नाही. चितळ पोहत पोहत एका बेटावरून दुसऱ्यावर गेले आणि वर्षावनाची कोवळी रोपे खाऊन पुढची पिढी त्यांनी थांबवली. पर्यटकाला ते चितळ गोजिरवाणेच दिसतात. फोटो छान येतो. जंगलाच्या दृष्टीने ती हळूहळू चाललेली तोडच आहे. बेटावर ‘खूप प्राणी दिसले’ हा केवळ आनंदाचा नव्हे, चिंतेचाही पुरावा असू शकतो, एवढे यातून घ्यावे.

यावर कुणी म्हणेल, वर्षावनाचे दाखले नर्मदेच्या सागवानाला कसे लावता? आक्षेप रास्त आहे. आपले जंगल उन्हाळ्यात पाने गाळणारे, कोरडे. इथले प्राणी दुष्काळ, वणवा, माणूस सगळे सोसत आलेले, चिवट. पनामाचा पक्षी दाट सावलीबाहेर उडायला घाबरतो, आपला तसा नाही. बिबट्या उत्तम पोहतो. तेव्हा थायलंडइतक्या झटपट सगळे संपेल असे मी म्हणत नाही. पण क्षेत्र लहान झाले की जाती घटतात हा नियम पावसाच्या मिलिमीटरवर अवलंबून नाही, आणि कोरड्या जंगलाचे स्वतःचे एक जास्तीचे दुखणे आहे: आग. मार्च ते जून काठावरचे रान पेटते, मोहफुले वेचण्यासाठी पाला जाळला जातो, बिडीचे थोटूक पुरते. सलग जंगलात एक तुकडा जळला तर शेजारून बी येते, प्राणी सरकतात. पन्नास एकरांच्या बेटाला शेजार नाही. एकदा पूर्ण जळले की तिथे जे गेले ते परत आणणार कोण? चिवटपणाच्या भरवशावर हा धोका घ्यायचा तर आधी त्या बेटांवर नेमके काय आहे, याची झाडाझाडाची आणि प्राण्याप्राण्याची नोंद तरी हाती हवी.

पर्यटक काय करतो, तो तर फक्त पाहतो, असेही म्हटले जाते. बेटावर उतरणारा माणूस एकटा उतरत नाही. त्याच्या बुटाच्या चिखलात घाणेरीचे, गाजरगवताचे बी असते. बोटीत उंदीर असतो. बोटवाल्याचा कुत्रा उडी मारून मागे येतो. भेळेचा कागद आणि पाण्याची बाटली मागे राहते. मोठ्या जंगलात हे सगळे पसरून विरळ होते, छोट्या बेटावर साचते. शिवाय लहान जागेत प्राण्याला माघार घ्यायला अंतरच नसते. रस्त्यावर जिप्सी आली तर सांबर पन्नास पावले आत शिरते; बेटावर पन्नास पावलांनंतर पाणी लागते. बोटींचा मुद्दा वेगळा. राष्ट्रीय हरित लवादाच्या भोपाळ खंडपीठाने 2023 मध्ये भोजताल आणि नर्मदेसह राज्यातल्या पाणसाठ्यांवर क्रूझ आणि मोटरबोटी थांबवायला सांगितले, ते पाणी प्यायचे आहे आणि डिझेल पिता येत नाही या साध्या कारणाने. तरी आपली पर्यटनाची ठरलेली तऱ्हा कोणती? इंदिरा सागरच्या काठी हनुवंतियाला 2016 पासून जल महोत्सव भरतो. तंबूंचे शहर, पॅराग्लायडिंग, पाण्यावरच्या स्कूटर, रात्री गाणीबजावणी. महोत्सव म्हणून त्याला माझी हरकत नाही. लोकांनी मजा करावी. पण ते अभयारण्याचे प्रारूप होऊ शकत नाही. धार जिल्ह्यात कुक्षीजवळच्या मेघनाद घाटावरून सरदार सरोवराच्या पाण्यातून थेट गुजरातेतल्या सरदार पटेलांच्या पुतळ्यापर्यंत क्रूझ नेण्याच्या योजना चालू आहेत, तोही त्याच विचाराचा पुढचा टप्पा. आणि बेटावर गर्दी म्हणजे काय हे पाहायचेच असेल तर ओंकारेश्वराचे मांधाता बेट समोर आहे. ते देवाचे आहे, तिथे लोकांनी जावे. 2023 मध्ये तिथे आदि शंकराचार्यांचा 108 फुटी पुतळाही उभा राहिला. एक बेट देवाला आणि भाविकांना दिलेले आहेच. उरलेल्या बावन्नांना माणसापासून थोडा विसावा द्यायला काय हरकत आहे?

सर्वांत वजनदार आक्षेप पैशाचा आणि पोटाचा. पर्यटक आला नाही तर जंगलाला वाली राहत नाही, आणि ज्यांची जमीन बुडाली त्यांना निदान बोट चालवायला, चहा विकायला मिळावे, असे जे म्हणतात त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. संरक्षण म्हणजे माणसाला हाकलणे, ही समजूत धार आणि देवास या दोन जिल्ह्यांत चांगलीच आपटली आहे. धार जिल्ह्यात सरदारपूरला 1983 मध्ये खरमोरसाठी अभयारण्य झाले. खरमोर म्हणजे आपला तणमोर, पावसाळ्यात गवतातून उंच उड्या मारून मादीला बोलावणारा. चौदा गावांची शेतजमीन त्या सीमेत आली आणि तिच्या खरेदी-विक्रीवर बंधने बसली. मुलीचे लग्न निघाले तरी शेतकऱ्याला स्वतःचे वावर विकता येईना. त्याने खरमोर वाढला का? देशभरात 1999 च्या पाहणीत साडेतीन हजारांच्या घरात असलेला हा पक्षी 2017 च्या पाहणीत सातशेच्या खाली आला, आणि सरदारपुरात तो हाताच्या बोटांवर मोजावा लागतो. पक्षी गेला आणि शेतकऱ्याच्या मनात त्याच्याबद्दल राग तेवढा राहिला. देवासचे खिवनी अभयारण्य तर 1955 पासूनचे, राज्यातल्या जुन्यांपैकी. तिथे जून 2025 मध्ये, पाऊस तोंडावर आला असताना, वनजमिनीवरची म्हणून आदिवासींची घरे यंत्रे लावून पाडली गेली. आरडाओरड झाल्यावर सरकारला पावले मागे घ्यावी लागली. म्हणून मी बेटे बंद ठेवा म्हणतो तेव्हा काठावरच्या माणसालाही बंद करा, असा त्याचा अर्थ घेऊ नये. उलट आहे.

पोटाचा प्रश्न बेटावर पर्यटक उतरवून सुटत नाही, कारण त्या पैशाची वाट सहसा काठावरच्या गावातून जात नाही. बोट महामंडळाची, तंबू ठेकेदाराचे, व्यवस्थापक शहरातला. गावकऱ्याच्या वाट्याला झाडू. खरा हक्क मासळीचा आहे. पूर्वीच्या होशंगाबाद जिल्ह्यातल्या तवा जलाशयाची गोष्ट इथे आठवावी. 44 गावे उठवून झालेल्या त्या धरणात विस्थापित आदिवासींनी 1996 ते 2006 या काळात तवा मत्स्य संघ ही स्वतःची सहकारी संस्था चालवली, मासळीचा व्यवसाय नीट केला, मासेमारांना चांगला भाव दिला. मग जलाशय सातपुडा राष्ट्रीय उद्यानाच्या आणि बोरी अभयारण्याच्या हद्दीत येतो म्हणून त्यांचा ठेका पुढे वाढला नाही. धरणाने एकदा उठवले, अभयारण्याने दुसऱ्यांदा. ओंकारेश्वराच्या बाबतीत हे पुन्हा होण्याची भीती मला पर्यटकांच्या गर्दीइतकीच वाटते. परंपरेने मासे धरणाऱ्याची डोंगी थांबवायची आणि पर्यटकाची मोटरबोट सोडायची, हा न्याय कोणता? दुसऱ्या बाजूला केरळच्या पेरियारचा अनुभव चांगला आहे. तिथला जलाशय 1895 चा. त्याच्या काठी जंगल आणि बोटीतून प्राणी पाहण्याची जुनी प्रथा. 1990 च्या दशकाच्या अखेरीस तिथे परिसरविकासाची योजना आली, आणि चोरून दालचिनीची साल काढणारे लोकच गस्त घालणारे, वाट दाखवणारे झाले. ज्याला जंगलाच्या सगळ्या चोरवाटा ठाऊक तोच पहारेकरी. कमाई कुणाची, हे तिथे आधी ठरले होते. पेरियारची दुसरी आठवण कटू आहे: 30 सप्टेंबर 2009 रोजी थेक्कडीला बोट उलटली आणि 45 माणसे बुडाली. बोटीत दोष होते. प्राणी दिसल्यावर प्रवासी एका बाजूला झुकल्याचेही सांगितले गेले. देवासला वेगळे सांगायला नको. 7 एप्रिल 2005 च्या रात्री धाराजीच्या घाटावर वरच्या धरणातून सोडलेले पाणी अचानक चढले आणि अमावास्येच्या स्नानाला आलेले कितीतरी भाविक वाहून गेले. हे पाणी सुट्टीच्या सहलीचे तळे नाही, वीजघराच्या वेळापत्रकावर चालणारे पाणी आहे.

उरला एक टोमणा: मग बेटे कुणासाठी, चार शास्त्रज्ञांसाठी आणि साहेबांच्या पाहुण्यांसाठी? साहेबांच्या पाहुण्यांसाठी तर अजिबात नाही. बंदी असेल तर ती विश्रामगृहाच्या पाहुण्यालाही तेवढीच असावी, नाहीतर तिला काडीची किंमत राहत नाही. शास्त्रज्ञांबद्दल थोडा विचार करू. इंदूर, उज्जैन, खंडवा, देवास इथल्या महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र शिकणारी शेकडो मुले आहेत, त्यांत मराठी घरांतलीही पुष्कळ. त्यांच्या दारात, बसने काही तासांवर, जगातला एक दुर्मीळ प्रयोग आपोआप मांडला गेला आहे: एकाच धरणाने, एकाच काळात, निरनिराळ्या आकाराच्या बावन्न बेटांवर. पनामाने तसल्या एका बेटावर शंभर वर्षे ज्ञान कमावले. आपण बावन्नांवर एकदाही नीट मोजणी न करता तिकीटघर बांधणार असू, तर तो गरीब देशाचा नाइलाज म्हणता येणार नाही. तो आळस आहे. दरवर्षी त्याच बेटांवर तीच झाडे, तेच पक्षी, तेच ट्रॅप कॅमेरे. काम करणारी मुले इथली, त्यांना बोट देणारे मासेमार इथले. याला फार पैसा लागत नाही. लागतो तो चिकाटी धरणारा वनाधिकारी, आणि त्याची तीन वर्षांत बदली न करणारे सरकार.

आणि पर्यटकाला काय? त्याला खरे जंगल द्यावे. अभयारण्याचा देवासकडचा भाग हा उदयनगर, पुंजापुरा या बाजूच्या डोंगररांगांना लागून आहे. वर पूर्वेकडे खिवनी, आणि त्याच्या पलीकडे डिसेंबर 2024 मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेले रातापानी. वाघ तिकडून या बाजूला येतात ते याच तुटक्या-जोडक्या रानातून, शेतांच्या कडेकडेने. या प्रदेशातल्या वाघाचे, बिबट्याचे, अस्वलाचे भवितव्य या जोडणीवर आहे, बेटांवर नाही. सगळ्यांची नजर बेटांकडे लागली की या जोडणीत एखादी खाण, एखादा रस्ता, एखादी वस्ती हळूच शिरते आणि बातमीही होत नाही; बेटांच्या जाहिरातीची मला खरी भीती वाटते ती या कारणाने. सातपुड्यात मढईला पर्यटक देनवा नदीच्या बॅकवॉटरपलीकडे बोटीने जातो, पण मग मुख्य भूमीवरच्या जंगलात जिप्सीने किंवा पायी, वाटाड्याबरोबर फिरतो. ते इथे जमण्यासारखे आहे. देवासच्या काठावर दोन-तीन ठिकाणी उंच मचाण, तिथून पाणवठ्यावर उतरणारी जनावरे आणि समोरची बेटे दोन्ही दिसतात. दिवसाला ठरलेली माणसे. वाट दाखवणारा कोरकू, भिलाला किंवा बारेला तरुण. पाण्यावर वल्ह्याची किंवा विजेवर चालणारी संथ नाव, बेटापासून ठरल्या अंतरावर. आणि तिकिटाचा ठरलेला वाटा थेट ग्रामसभेच्या खात्यात. सर्वोच्च न्यायालयात 2012 मध्ये व्याघ्र प्रकल्पांतल्या पर्यटनाचे जे प्रकरण गाजले ते भोपाळच्याच एका कार्यकर्त्याच्या याचिकेवरून; त्यानंतर आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी गाभा क्षेत्राच्या वीस टक्क्यांपलीकडे पर्यटन नेऊ नये असे ठरवले. बेटांच्या अभयारण्यात हा आकडा आणखी खाली आणायला हवा. शिवाय एका प्रकारचा पर्यटक इथे पूर्वापार येतोच आहे. उत्तर तटाची परिक्रमा देवासच्या जंगलातून जाते. काठी, कमंडलू आणि झोळी घेऊन चालणारा परिक्रमावासी रानाला जेवढा कमी त्रास देतो तेवढा कुठल्याही इको रिसॉर्टचा पाहुणा देत नाही. त्या पायवाटेवर मचाण, पाण्याची सोय आणि एक माहितीफलक एवढे केले तरी दरवर्षी हजारो माणसे हे जंगल पाहून जातील.

अभयारण्याचा व्यवस्थापन आराखडा व्हायचा तेव्हा होईल. त्यात बेटांवर पर्यटकांना उतरण्याची मुभा घालायची असेल तर तिच्या आधी 52 बेटांची पहिली गणना छापून लोकांसमोर ठेवावी, आणि काठावरच्या गावांचा मासळीचा हक्क लेखी नोंदवावा, ही मागणी देवासच्या लोकप्रतिनिधींनी भोपाळात लावून धरावी. आणि ओंकारेश्वराचे दर्शन झाल्यावर बोटवाल्याला ‘भाऊ, तेवढं त्या बेटावर उतरव’ म्हणून गळ घालणाऱ्या आपल्या लोकांनी ती घालू नये. तो नाही म्हणणार नाही. त्याला त्या दिवसाचे पैसे हवे असतात.